आलापल्लीहून हललेलं बिऱ्हाड

माझ्या मोठ्या साडूंनी आयुष्यात एकही गोष्ट अंदाजानं केली नाही. लोक नाडी न बघता औषध देतात, खोली न बघता विहिरीत उडी टाकतात, माणूस न बघता मुलगी देतात; साडूंना हे सगळं पापासारखं वाटे. बत्तीस वर्षं त्यांनी आलापल्लीला, जंगल खात्याच्या लाकूड डेपोत, सागाचे लठ्ठे मोजले. लांबी घ्यायची, गोलाई घ्यायची, वहीत चढवायची, लठ्ठ्याच्या तोंडावर आकडा घालायचा आणि पुढच्या लठ्ठ्याकडे वळायचं. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, पण शर्टाच्या खिशातला टेप सुटला नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा घरचे मोठे जावई म्हणून ते ओसरीत बसले होते. बाकीच्यांनी मला शिक्षण विचारलं, शाळेतली नोकरी पक्की आहे का ते विचारलं. हे तासभर गप्प. मी निघायला उठलो तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सासऱ्यांना म्हणाले, "पाच फूट सव्वापाच, चपलेसकट. सरळ हाय. गाठ नाई." सागाच्या लठ्ठ्याला याहून मोठं प्रमाणपत्र मिळत नाही, हे मला लग्नानंतर कळलं.

कुणाच्या घरी गेले की ते घराचं कौतुक करत नसत. चहा घेता घेता चौकटीकडे पाहत आणि म्हणत, "दार अर्धा इंच बसलं तुमचं." घरमालकाला वाईट वाटे, पण पुढच्या पावसाळ्यात ते दार लागेनासं झालं की त्यालाच साडूंची आठवण येई. गावच्या पंगतीत पत्रावळी मांडायचं काम त्यांच्याकडे असे. दोन पत्रावळींत दीड फूट अंतर म्हणजे दीड फूट. एकदा एका जाड्या पाहुण्यानं जरा जास्त जागा घेतली, तर साडूंनी त्याला उठवलं नाही, शेजारच्याची पत्रावळ सरकवली नाही. स्वतः जेवणावरून उठले आणि ती जागा त्याला देऊन टाकली. "तुमचं माप दोन माणसाचं हाय, त्यात तुमचा दोष नाई," एवढंच म्हणाले. पाहुणा त्यानंतर पोटभर जेवू शकला नाही.

अशा माणसाला बायको मिळाली ती मापाशी जन्माचं वैर असलेली. माझ्या बायकोची ही मोठी बहीण; आम्ही सगळे तिला बाई म्हणत असू. बाई मीठ मुठीनं घालायची, तांदूळ सुपानं घ्यायची, आणि दारात चार माणसं उभी असली तर आठ जणांचा स्वयंपाक करायची. तिचं हसणं रस्त्यापलीकडे ऐकू जाई. साडूंनी तिच्या हातचं चाळीस वर्षं खाल्लं आणि एकदाही वाटी-चमच्याचा विषय काढला नाही. एकदा मला बाजूला घेऊन, कुणी ऐकत नाही असं बघून म्हणाले, "गुरुजी, तिनं मोजून केलं असतं तं इतकं चांगलं झालं नसतं." त्यांच्या तोंडून ही कबुली म्हणजे धर्मांतरच होतं.

मग एका वर्षी बाईचे पाय सुजायला लागले. आधी संध्याकाळी सुजत, मग सकाळीही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, दोन्ही मूत्रपिंडं थकली आहेत, लवकरच मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागेल, आठवड्यातून तीनदा. तेव्हा आमच्या भागात ही सोय नव्हती. नागपूर गाठायचं तर आलापल्लीहून दिवस जायचा. साडूंचा एकुलता मुलगा विलास नवी मुंबईत नोकरीला होता. त्यानं खाडीजवळच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, आणि मशीनची सोय असलेला दवाखाना त्याच्यापासून रिक्षाच्या अंतरावर होता. त्यानं फोनवर सांगितलं, "आई-बाबा, सगळं आवरा, इकडंच या." साडू म्हणाले, "येतो." ठरायला मिनिटही लागलं नाही. निघायच्या तयारीला चार महिने लागले.

साडूंनी प्रथम एक जाड वही घेतली आणि घरातल्या प्रत्येक वस्तूला आकडा दिला. आकडा नुसता वहीत नाही. वस्तूवर, पांढऱ्या रंगानं, बारीक कुंचल्यानं. पाटा सत्तेचाळीस, वरवंटा सत्तेचाळीस-अ. कपाट एक. बाईनं सकाळी पूजेला बसून पाहिलं तर देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेच्या पाटाखाली एकशे बारा. ती ओरडली, "देवालेही नंबर? अवो, ती का हरवते?"

"ट्रकात हरवते," साडू म्हणाले. "ट्रकवाल्याले काय माहीत, देव कोण अन् डबा कोण."

त्यांच्या या आकड्यांतून शेजारणीची चाळणीही सुटली नाही. ती बिचारी पापड वाळवायच्या दिवशी चाळणी मागायला आली, तर साडूंनी वही उघडून दाखवली. "तुमची असन, पण एकशे चौऱ्याऐंशी आमचा हाय." शेवटी चाळणी परत गेली आणि वहीत एकशे चौऱ्याऐंशीसमोर 'परत' असा शेरा पडला.

मग प्रश्न आला की हे सगळं त्या दोन खोल्यांत बसेल का. साडू रोज सकाळी एसटीडीच्या बूथवर जाऊन विलासला फोन करत. हॉलची लांबी, स्वयंपाकघराची रुंदी, जिन्याचं वळण, दाराची चौकट, सगळं त्याच्याकडून मोजून घेतलं. विलास कामावर जायच्या घाईत एका हातात टेप आणि एका हातात फोन धरून घरभर फिरे. आठ दिवसांनी साडूंनी अंगण झाडून, सारवून स्वच्छ केलं आणि चुन्याची फक्की घेऊन तो अख्खा फ्लॅट जमिनीवर आखला. पुऱ्या मापाचा. भिंतींच्या जागी पांढऱ्या रेघा, दाराच्या जागी मोकळी जागा, बाथरूमला एक वीट. मग आकडे घातलेलं सामान एकेक आणून त्यात मांडलं, आणि जाहीर केलं की आजपासून दिवसा आपण इथंच राहायचं. सवय झाली पाहिजे.

बाईनं कपाळावर हात मारला, पण राहिली. पेरूच्या झाडाखाली तिचं स्वयंपाकघर आलं होतं. ती तिथं चूल मांडून भाजी चिरायची आणि उठून मागे जायची तर साडू म्हणायचे, "तिकडून नाई, तिथी भिंत हाय." गावातली माणसं मुंबईचं घर बघायला येऊ लागली. शेजारी रहीमचाचा, ज्यांनी साडूंचं सागाचं कपाट स्वतःच्या हातानं बनवलं होतं, सरळ चालत हॉलमध्ये आले.

"चाचा, दरवाज्यातून या ना. भिंतीतून काऊन येता?"

चाचांनी पायाखाली पाहिलं. "भाऊ, अभी तो ईंट भी नहीं लगी, अन् तुम्ही आम्हाले दरवाज्यातून फिरवून राह्यले?" असं म्हणाले खरे, पण मागे फिरले, वळसा घातला, दारातून आले आणि चपला बाहेर काढल्या.

बाईनं एक दिवस विचारलं, "या खिडकीतून दिसते काय?" साडूंना हे सुचलंच नव्हतं. ते लगेच बूथवर गेले. विलासनं सांगितलं, समोर दुसरी इमारत आहे, मध्ये असेल बारा-तेरा फूट. साडू परत आले, दोन दिवस बांबू फोडत बसले, आणि खिडकीच्या रेघेपासून बरोबर साडेबारा फुटांवर उंच तट्टा उभा केला. त्या तट्ट्यामागं बाईचं आवडतं मोहाचं झाड होतं, पलीकडचा रस्ता होता, रस्त्यावरून हाका मारत जाणारी माणसं होती. ते सगळं झाकलं गेलं. बाई पाटावर बसून बराच वेळ त्या तट्ट्याकडे पाहत राहिली. हसली नाही. म्हणाली, "बरं झालं, आताच दाखवलं."

इथवर आम्हाला गंमत वाटत होती. पुढं वाटेनाशी झाली. सागाचं कपाट आणि दिवाण जिल्ह्याबाहेर न्यायचे तर लाकूड वाहतुकीचा परवाना लागतो. घरगुती सामानाला जंगल खात्याच्या नाक्यावर कुणी फारसं अडवत नसे, आणि साडूंना तर कुणीच अडवलं नसतं. नाक्यावरची निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. ते म्हणत, "भाऊ, तुम्ही खुशाल जा ना." पण साडूंना ते पटेना. त्यांनी जन्मभर परवान्यासाठी दुसऱ्याच्या गाड्या डेपोच्या फाटकात अडवल्या होत्या. त्यांनी रीतसर अर्ज केला, त्यात कपाटाच्या पायाची गोलाई लिहायची राहिली म्हणून स्वतःच परत घेतला, पुन्हा केला. एक महिना गेला. बाईला आता दोन पायऱ्या चढल्या की धाप लागे. विलास फोनवर घाई करी, साडू म्हणत, "परवाना येऊन राह्यला." माझ्या बायकोचा संताप झाला. ती मला म्हणाली, "तुम्ही जा. तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत ते. कपाटासाठी माझी बहीण मारतील."

मी शनिवारी चंद्रपूरला शाळा सुटल्यावर बस धरली. उन्हं कलताना पोचलो. साडू चुन्याच्या हॉलमध्ये खुर्ची टाकून एकटेच बसले होते. मी दारातून आत गेलो आणि येताना पाठ केलेलं सगळं बोललो. जरा कडकच बोललो. त्यांनी मला तोडलं नाही. मी थांबल्यावर ते टेपची पट्टी बाहेर काढत आणि आत सोडत म्हणाले,

"गुरुजी, मी त्या डॉक्टरले विचारलं, किती राह्यलं? रुपयात चार आणे म्हणा, दोन आणे म्हणा, पण काही तं सांगा. त्यानं म्हटलं, काका, असं मोजता येत नाही."

टेपची पट्टी खट्कन आत गेली.

"उभ्या झाडाकडं पाहून मी सांगत होतो, किती लाकूड निघन. बत्तीस वर्ष. कधी चुकलो नाई. अन् ही चाळीस वर्षं माह्या घरात हाय, अन् हिचं मले..." पट्टी पुन्हा बाहेर ओढत ते म्हणाले, "तिथी गेलो का मशीनले बांधतीन तिले. इथी हाय तोवर ती बिमार नाई. पायाले सूज हाय, बस."

तेव्हा मला कळलं की परवाना त्यांना नकोच होता. मोजणी संपली असती तर निघावं लागलं असतं. म्हणून त्यांनी मोजणी संपू दिली नव्हती.

बाई मागं खऱ्या स्वयंपाकघरात होती. तिनं सगळं ऐकलं असावं. सकाळी मी निघायला उठलो तर ती लुगडं नेसून, हातात कापडी पिशवी घेऊन ओसरीत बसली होती. पिशवीत दोन लुगडी, फणी आणि अन्नपूर्णा. ती साडूंना शांतपणे म्हणाली, "तुमचं मोजणं होऊ द्या सावकाश. मी गुरुजींसंग जाऊन राह्यली."

"परवाना दोन दिवसात येते," साडू म्हणाले.

"मले परवाना लागत नाई. मी सागाची नाई."

ती हसली, तिचं ते जुनं, रस्त्यापलीकडे जाणारं हसू. पण धापेमुळं ते अर्ध्यावर तुटलं. तो तुटलेला आवाज साडूंनीही ऐकला. आम्ही चुन्याच्या रेघा ओलांडून, भिंतीतूनच, रस्त्यावर आलो. त्यांनी टोकलं नाही. बस वळेपर्यंत ते अंगणात उभे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्रपूरहून मुंबईची गाडी होती. मी बाईसोबत जाणार होतो. दुपारी आमच्या घराची कडी वाजली. दारात साडू. शर्टाचं एक बटण वर, एक खाली. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्या पायात रहीमचाचांची. सामान काहीच नाही. फक्त हातात एक कागदाची पुडी. ते बाईसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गोळ्या राह्यल्या होत्या तुह्या."

"मागचं दार लावलं का?" बाईनं विचारलं.

"माहीत नाई."

"किल्ली?"

"चाचाले दिली वाटते."

चाळीस वर्षांत तिनं त्यांच्या तोंडून 'वाटते' हा शब्द ऐकला नव्हता. मग तिनं उठून त्यांच्या शर्टाची बटणं सोडली आणि पुन्हा नीट लावली. त्या दिवशीच्या गाडीत मी गेलो नाही. माझ्या जागेवर साडू बसून गेले.

परवाना पंधरा दिवसांनी आला. ट्रक मी आणि रहीमचाचांनी भरला, ती वही पुढ्यात ठेवून. साडूंचा आकडा एकही चुकला नाही. कपाट तिसऱ्या मजल्यापर्यंत चढलं, जिन्याच्या वळणावर बोटभर जागा राहिली. पाटा, दिवाण, पितळी घागर, ज्याची जागा रेघेत जिथं होती तिथं सगळं बसलं. समोरची इमारत मात्र विलासनं सांगितलं त्याहून जवळ निघाली. नऊच फूट. साडूंनी फक्त दिवाण फिरवून ठेवला, म्हणजे बाईचं तोंड खिडकीकडे न येता दाराकडे येईल. आणि दार दिवसभर उघडं ठेवायला लागले. त्या इमारतीत तशी पद्धत नव्हती. पण बाई दिसेल त्याला हाक मारायची, आणि दोन महिन्यांत जिन्यानं जाणारी माणसं तिच्यापाशी टेकून मगच वर जाऊ लागली. त्यांना चहा द्यायला साडू उठत.

मशीनवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. दिवसाला इतकंच, त्याहून एक घोटही जास्त नाही. आणि बाई तर विहिरीवरून आली की उभ्या उभ्या तांब्या रिकामा करणारी. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा पाहिलं, स्वयंपाकघरात एक लहान वाटी वेगळी ठेवलेली. साडू सकाळी दिवसभराचं पाणी एका बाटलीत मोजून घेत आणि तासातासानं त्या वाटीतून तिला देत. ओठ कोरडे पडले की ओल्या फडक्यानं टिपत. मुंबईचा उकाडा, घामानं आम्ही निथळत होतो. मी माठातून दुसऱ्यांदा पेला भरला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की साडूंना मी सकाळपासून पाणी पिताना पाहिलेलं नाही. विलासच्या बायकोनं मला हळूच सांगितलं, "बाबा पण तेवढंच पितात. त्याच मापानं." मी त्यांना गॅलरीत गाठून म्हटलं, भाऊ, हे बरं नव्हे, तुम्ही आजारी पडाल.

ते म्हणाले, "तिच्यासमोर तांब्या कसा लावू तोंडाले, गुरुजी?"

"मग तिच्यामागं प्या."

"मागं प्यालो तं ते लबाडी होते," असं म्हणून ते बाईची वाटी घ्यायला आत गेले.

बाई त्या घरात अडीच वर्षं राहिली. आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, रिक्षानं जायचं, चार तास पडून राहायचं, परत यायचं. साडू सोबत जात, मशीनच्या खोलीत बाकावर बसून राहत; एकदाही चुकले नाहीत. ती एका सकाळी, मशीनचा दिवस नसताना, दिवाणावरच गेली. दार उघडंच होतं. शेजारची माणसं न बोलावता आली.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता साडू आलापल्लीला परततील. घर तसंच होतं. रहीमचाचा अधूनमधून उघडून झाडून घेत. मी दिवाळीनंतर त्यांना घेऊन जायच्या तयारीनंच गेलो. साडू वाळले होते, पण नीट होते. मी विषय काढला, तर म्हणाले, "आज नाई बोलत. आज मंगळवार हाय. चला माह्यासंग."

त्यांनी मला रिक्षात घालून त्या दवाखान्यात नेलं. मला वाटलं, काही कागद राहिले असतील. पण ते सरळ वरच्या मजल्यावर, मशीनच्या खोलीत, दाराशी असलेल्या बाकावर जाऊन बसले. नर्सनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली, जशी रोजच्या माणसाला हलवतात. दाराजवळच्या पहिल्या खाटेवर एक म्हातारी कोळीण झोपली होती, हातात नळ्या, कपाळावर मोठं कुंकू. तिचा मुलगा होडीवर जाई, सून बाजारात बसे. तिला सोडायला कुणीतरी येई आणि घ्यायला कुणीतरी, मधल्या चार तासांत तिच्याजवळ कुणी नसे. साडूंनी तिच्या चपला खाटेखाली सरळ केल्या आणि तिची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

मी हळू आवाजात विचारलं, "भाऊ, मग गावाकडं कधी?"

ते काही बोलायच्या आत म्हातारी गुंगीतून जागी झाली. डोळे न उघडताच म्हणाली, "बाबा, आहात ना?"

"हाय ना, माय," साडू म्हणाले. "कुठी जातो?"